दाढीवाली विमलबाई

"उघरू नको गो त्याचा तोंड! पोरां हायत त्याचे तोंडान..."

आजीचा हा आवाज. वीस वर्षं झाली असतील. आजी, धोंडुबाई, जाऊनही आता नऊ वर्षं होत आली. पण तो आवाज सरूच्या कानात अजून तसाच आहे. मिठागराच्या बांधावरून वाऱ्याने आणलेला, थोडा खारट, थोडा घाबरलेला.

सरू तेव्हा सात वर्षांची. गावच्या उघाडीपाशी, म्हणजे खाडीचं पाणी आतबाहेर सोडणारी लाकडी दारं असतात तिथे, बाबांच्या जाळ्यात एक शिंगाळा आला होता. निळसर पाठीचा, लांब मिशांचा आणि गळ्याखाली फुगलेला. तोंड त्याने असं गच्च मिटून घेतलं होतं की जणू एखादं गुपित दाताखाली धरलंय. लहान पोरीला मिटलेली मूठ दिसली की उघडून बघायचीच असते. आजी ओरडली खरी, पण तोवर सरूचं बोट आत गेलं होतं.

आणि आतून ओघळली ती अंडी. बोराएवढाली, पिवळी, आरपार दिसणारी. चिखलात पडली आणि गडगडत गेली. एकेका अंड्यात काळ्या टिंबासारखे दोन डोळे, आणि ते डोळे सरूकडेच बघत होते.

आजीने मारलं नाही. खाली बसली, एकेक अंडं ओंजळीत घेतलं आणि पाण्यात सोडलं. आता ती जगायची नाहीत हे तिलाही ठाऊक होतं, पण सोडलं. मग म्हणाली, "आय अंडी देऊन जाते निंगून. बाप तोंडान धरून फिरतो. महिना महिना खात नाय, काय नाय. त्याची वेळ झाली का त्याचा तोच उघरतो गो. आपून नाय उघरायचा." आणि बांधावरून घरी येताना ती स्वतःशीच गुणगुणत राहिली,

*शिंगाल्या रं दादा, बोल ना रं बोल,*
*तोंडान माजी पोरां, पानी हाय खोल...*

तेव्हापासून सरूने कुणाचं मिटलेलं तोंड जबरदस्तीने उघडलं नाही. ना माशाचं, ना माणसाचं.

---

दिवाळी नुकती सरली होती. सकाळच्या उन्हाला जेमतेम ऊब होती. पेणच्या एसटी स्टँडवर गावाकडच्या गाडीतून सरू उतरली, तर समोर एक तरुण दोन्ही हात वर करून उभा. हातात पाण्याने भरलेली प्लास्टिकची पिशवी, आणि पिशवीतून पाण्याची एक बारीकशी पिचकारी थेट त्याच्या शर्टाच्या खिशात.

सरूला राहवलं नाही. "खिशाला पाणी पाजताय काय?"

"काटा मारला हो यांनी पिशवीला!" तो रडकुंडीला आला होता. "भांडं आहे का काही? डबा, तांब्या, काहीपण..."

पिशवीत दोन मासे होते. बोटाच्या दोन पेरांएवढे, तांबूस, आणि तोंडाशी इवल्याइवल्या मिशा. खाडीकाठच्या पोरीला पुढचं सांगावं लागत नाही. तिने आपल्या पिशवीतून जेवणाचा डबा काढला, आतली भाकरी त्याच्या हातात दिली, वालाची भाजी भाकरीवर ओतली आणि बाटलीतल्या पाण्याने डबा खळखळून धुतला.

"थांबा, थांबा! नळाचं नाय ना? औषध घातलेलं चालत नाय त्यांना."

"विहिरीचं हाय. आमच्याकडे नळाला पाणी येतं तेव्हा सण असतो."

पाण्यासकट मासे डब्यात ओतताना एकाने उडी मारली आणि तो बाकड्यावर तडफडायला लागला. तो तरुण भाकरी सांभाळत "अरे अरे" करत राहिला. सरूने अंगठा आणि बोट मागच्या बाजूने नेलं, काटे मिटवून मासा अलगद उचलला आणि डब्यात सोडला. एक थेंब रक्त नाही, एक ओरखडा नाही.

"लागलं नाय तुम्हाला?"

"शिंगाळ्यांच्या गावची हाय मी." तिने डब्यात वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "कुठे चाललीय ही वरात?"

"गिऱ्हाइकाकडे. एक डॉक्टर आहेत, त्यांनी जोडी मागवलीय. नर आणि मादी."

"मग डॉक्टरांना सांगा, दोन्ही बाया हायत."

"नाय हो! मी स्वतः निवडलेत."

"काचेतून समोरून निवडले असतील. समोरून सगळे सारखेच दिसतात. वरून बघा की. खांद्यामागे पाठ कशी पसरत गेलीय, भरलेल्या गोणीसारखी. दोघींचीही. नर असता तर सरळ गेला असता, पडवळासारखा."

त्याने डब्यात पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. तिच्याकडे जरा जास्तच वेळ. "तुमचा माशांचाच धंदा आहे का?"

"नाय. मी डोळे काढते."

"...कुणाचे?"

"गणपतीचे. कारखान्यात. आखणीला हाय मी." आणि त्याचा चेहरा बघून तिला असं हसू फुटलं की शेजारच्या बाकड्यावरची म्हातारीही हसायला लागली.

त्याचं नाव मितेश. रोह्याला पूल ओलांडून अष्टमीत त्याचं शोभेच्या माशांचं दुकान. आधी डोलवीच्या कंपनीत कंत्राटावर होता. शिफ्ट जमेना म्हणून सोडलं, एवढं तो म्हणाला. का जमेना ते नाही म्हणाला.

"डबा तुमचा आणून देतो."

"द्या सावकाश. आधी भाकरी खा. मघापासून देवाचा प्रसाद धरल्यासारखी धरलीय."

---

आठ दिवसांनी डबा परत आला. रिकामा डबा परत करू नये म्हणतात. या डब्यात पाणी होतं आणि पाण्यात एका हिरव्यागार पाणवेलीची फांदी. कारखान्याच्या दारात उभं राहून मितेश हळूच म्हणाला, "घरी जाऊन वरून बघितलं. दोन बायाच होत्या."

"मग?"

"मग... चाळीस आहेत अजून. आठ महिन्यांचे. सगळ्यांचं ठरवायचंय. रविवारी येता का?"

माती मळणारा कान्हू आतून खोकला. सरूने त्याच्याकडे दुर्लक्ष केलं.

त्या रविवारी ती रोह्याला गेली. पुलावरून चालताना खाली कुंडलिका नदी धुक्यात निजलेली. दुकान लहानसं, तीन भिंतींना काचेच्या टाक्या, आणि सगळीकडे बुडबुड्यांचा असा आवाज की एखादं घर झोपेत बोलतंय असं वाटावं. मितेशने पांढरा टब मधोमध ठेवला. तो जाळीने एकेक मासा टबात सोडायचा आणि ती वरून बघून सांगायची.

"बाई."

"बरं."

"बुवा. ...बाई. ...बाई. ...हा बुवा, कसा शेपटी टाकून चाललाय बघा."

"आणि हा?"

"ह्याचं अजून ठरलं नाय. राहू दे बाजूला. मोठा होईल तसं कळेल."

"इतकी नजर कशी हो तुमची?"

"डोळा काढताना केसाएवढी रेघ इकडची तिकडे झाली तर देव रागावलेला दिसतो. सवय झाली."

"मग माणसांचंही कळत असेल? कुणाच्या पोटात काय आहे ते?"

"माणसांना वरून बघायची सोय नाय," सरू म्हणाली, आणि दोघंही टबात बघत राहिली. पाण्यात दोघांची डोकी जवळजवळ टेकली होती.

कोपऱ्यातल्या शेवटच्या टाकीत एक काळपट मासा होता. चपटा, पोटाने काचेला चिकटलेला, आणि तोंडाभोवती झुडपासारखे फुटवे फुटलेले. करवंटीच्या अर्ध्या भकलात तो दाराशी बसून होता आणि कुणी जवळ आलं की अंगावर धावून जात होता.

"ही आमची विमलबाई," मितेश म्हणाला.

"विमलबाईला दाढी?"

"नरच आहे तो. दाढी फक्त नरालाच येते. पण तिचं म्हणणं, शाळेच्या दाराशी बसून सगळ्यांना हाकलणाऱ्या विमलबाई असतात ना, तशीच आहे, म्हणून..."

"तिचं म्हणजे कुणाचं?"

मितेश थांबला. त्याने टाकीचं झाकण उगाच सरळ केलं. "एका... गिऱ्हाइकाचं."

सरूने पाहिलं, त्याने ओठ मिटून घेतले होते. आत काहीतरी धरून ठेवल्यासारखे. तिने पुढे विचारलं नाही.

---

दुसऱ्या रविवारी तिला तो ठसा दिसला.

विमलबाईच्या टाकीच्या काचेवर, सरूच्या कमरेएवढ्या उंचीला, बटणाएवढं एक नाक टेकल्याची खूण. दोन्ही बाजूंना पाच पाच इवलीशी बोटं. दुकान आहे, पोरं येणारच, असं तिने स्वतःला सांगितलं. पण तिसऱ्या रविवारी ठसा पुन्हा तिथेच. तेच नाक, डावीकडे किंचित दबलेलं. इतर कुठल्याही टाकीवर नाही. काच पुसलेली असायची, तरी घाईत पुसलेली. खालची कड राहून जायची. ज्या बाईचा दिवस केसाएवढ्या रेघा बघण्यात जातो, तिच्यापासून एवढं नाक कसं लपणार?

इथे रोज एक मूल येतं. रविवारी तेवढं येत नाही.

तिने एकदाच, सहज विचारल्यासारखं विचारलं, "घरी कोण कोण असतं तुझ्या?" एव्हाना 'तुम्ही'चं 'तू' झालं होतं.

"मी, आई... आणि मासे."

'आई' आणि 'मासे' यांच्या मध्ये त्याने जो श्वास घेतला, त्यात एक पोर मावेल एवढी जागा होती. सरूला ती जागा ऐकू आली. जिभेवर प्रश्न आला आणि त्याच क्षणी चिखलात गडगडणारी पिवळी अंडी डोळ्यांसमोर आली. तिने प्रश्न गिळला. त्याची वेळ झाली की त्याचा तोच उघडेल, तिने मनाशी म्हटलं.

पण वेळ तिच्याकडेही फार नव्हती. घरी एक स्थळ आलं होतं. डोलवीच्या कंपनीतला परमनंट मुलगा, निलेश नाव, माणसं साधी. बाबा, कमळाकर, मिठागर बंद झाल्यापासून कमी बोलायचे, त्या दिवशी मात्र ओटीवर बसून म्हणाले, "सरू, तीन जागांना तू नाय म्हणालीस. मी का म्हणून इचारलं नाय. मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरवारी ही मंडळी येतील. तवा व्हय का नाय, एकदाच सांग. तुझ्या तोंडून सांग."

"सांगते, बाबा."

सांगणार काय, ते तिचं तिलाही माहीत नव्हतं. निलेशमध्ये खोट काढण्यासारखं काही नव्हतं. आणि मितेशने तर अजून काही म्हटलंच नव्हतं. तो फक्त दर रविवारी पुलाच्या टोकाशी येऊन उभा राहायचा. संध्याकाळी गाडी सुटेपर्यंत स्टँडवर थांबायचा, आणि खिडकीशी येऊन दर वेळी एकच वाक्य बोलायचा, "पोचलीस की कळव." एवढ्याशा वाक्यावर कुणी आयुष्य ठरवतं का? ठरवू नये. पण गाडी वाकण फाट्यावर वळेपर्यंत तेच वाक्य तिच्या मांडीवर येऊन बसलेलं असायचं, मांजरासारखं.

---

त्या गुरुवारच्या आधीचा रविवार. विमलबाईच्या करवंटीत अंडी होती; मितेशने बुधवारीच फोनवर कळवलं होतं. केशरी रंगाचा एक घोस, आणि विमलबाई म्हणजे तो बुवा, अंगाचा पंखा करून त्यांच्यावर पाण्याचा वारा घालत होता. खाणं नाही, हलणं नाही.

"मादी?"

"अंडी दिली आणि निघाली. वेगळ्या टाकीत ठेवलीय. तो तिला आत येऊच देईना."

सरूने पिशवीतून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. मुठीएवढं मातीचं घर. उतरतं छप्पर, बांधासारखी ओटी आणि दारावर दोन डोळे काढलेले. तसेच, मोठे, पाणीदार. कान्हूकडून मूठभर शाडू मागून घेतला होता आणि चार दिवस दुपारच्या सुट्टीत ती हे करत बसली होती.

"पोरं बाहेर आली की करवंटीत मावायची नाहीत ना. म्हणून घर. ठेव ना आत... मला बघू दे."

मितेशने घर हातात घेतलं. फिरवून पाहिलं. काहीतरी बोलायला त्याने तोंड उघडलं, तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि तोंड मिटलं. अगदी हळू, मूल पाळण्यात ठेवावं तसं त्याने ते घर करवंटीशेजारी ठेवलं.

"कसं दिसतंय!" सरू म्हणाली.

"छान दिसतंय," तो म्हणाला. आणि संध्याकाळी गाडीच्या खिडकीशी तेच, "पोचलीस की कळव."

मंगळवारी कारखान्यात कान्हूने तडकलेले हात, कान, उंदीर असले कच्चे तुकडे पाण्याच्या पिंपात टाकले. माती पुन्हा मळायला. सरू शेजारच्या नळावर नवा ब्रश धुवत होती. तिच्यासमोर एक सोंड पाण्यात पडली, तिच्यावर बुडबुडे आले, आणि बघता बघता सोंडेचा गाळ झाला.

तिच्या हाताला मूर्ती येते ती वाळलेली, रंगलेली, दगडासारखी टणक. डोळे काढले की मूर्ती चालली गाडीत बसून. माती कच्ची असते, पाण्याची असते, हे पेणच्या पोराटोरांनाही कळतं. आणि जिने सात वर्षं त्या मातीला डोळे दिले, तिने माशांना राहायला शाडूचं घर दिलं!

"अगो बाय!" ती कपाळावर हात मारून म्हणाली. "अंडी!"

"कसली अंडी?" कान्हूने विचारलं.

पण ती निघालीसुद्धा होती. हातातला ब्रश तसाच पिशवीत.

---

पुलाच्या टोकाशी आज कुणी उभं नव्हतं. तो मंगळवार होता.

दुकानाचं दार अर्धं उघडं. आत बादल्याच बादल्या. शेवटच्या टाकीतलं पाणी ताकासारखं पांढुरकं. आणि टाकीसमोर पाटावर चढून, दोन्ही तळवे आणि नाक काचेला लावून, एक चिमुरडी उभी होती. लाल स्वेटर. दोन वेण्या, त्यातली एक सुटलेली. तिने मान वळवली. नाक डावीकडे किंचित दबलेलं.

"दुकान बंद आहे," ती म्हणाली. "घर विरघळलं."

"व्हय?" सरूने चपला काढल्या आणि तिच्याशेजारी खाली बसली. "तुझं नाव काय गो?"

"किमया. बाबा किमू म्हणतो. बाबा म्हणाला, घराने आधी डोळे मिटले, मग ते झोपलं, मग नुसती माती झाली. विमलबाई खूप दमलीय. तिच्या अंड्यांवर धूळ बसलीय."

आतल्या खोलीतून मितेश आला. एका हातात नळी, एका हातात भरलेली बादली. सरूला बघितलं आणि दारातच थांबला. बादलीतलं पाणी हिंदकळून त्याच्या पायावर सांडलं, तरी हलला नाही. ओठ गच्च मिटलेले. सरूला तो चेहरा ओळखीचा होता. वीस वर्षांपूर्वी उघाडीपाशी पाहिला होता तिने.

तिने पिशवीतून ब्रश काढला. नवा होता, अजून रंग न लागलेला, डोळ्याच्या कडा ओढायचा, खारीच्या केसांचा. बाही वर केली आणि हात टाकीत घातला. दाढीवाला बुवा तिच्या बोटावर धावून आला, टोचायला लागला. तिने टोचू दिलं. अलगद, पापणीवरची धूळ झटकावी तशी तिने एकेका अंड्यावरची माती काढली. चार-पाच पांढरी पडली होती. बाकीची केशरी, आणि आत काळी टिंबं हलत होती.

"हायत," ती म्हणाली. "जिवंत हायत. त्याने वारा घातला म्हणून वाचली."

"तिने," किमू म्हणाली. "आई आहे ना ती."

"नाय गो, बाबा हाय तो. दाढी बघ की."

"बाबा पण तसंच सांगतो. पण अंडी तर आईच सांभाळते ना?"

"काहींच्यात आई सांभाळते. ह्यांच्यात बाबा सांभाळतो."

किमूने थोडा विचार केला. काचेवर नाक टेकवून बुवाकडे पाहिलं. मग अगदी सहज, पाणी मागावं तसं म्हणाली, "आमच्यात पण बाबाच."

मितेशच्या हातातली नळी खाली पडली.

सरू ब्रश पुसत राहिली. तिने विचारलं नाही. कितीही वाटलं तरी विचारणार नव्हती.

"किमू, मागे घरी आज्जीकडे जाऊन वेणी घालून ये," मितेश म्हणाला. पोर धावत गेली. मग तो बादली खाली ठेवून तिच्यासमोर, ओल्या फरशीवर बसला.

"साडेचार वर्षांची आहे," तो म्हणाला. आवाज कुठूनतरी खोलातून येत होता. "तिच्या आईचं आणि माझं दोन वर्षांपूर्वी मोडलं. कागदपत्रं सगळी झालीत. शिफ्ट सोडली ती हिच्यासाठी. दर शनिवारी तिला ताईकडे नागोठण्याला सोडायचो, आणि सोमवारी आणायचो. तू यायचीस म्हणून."

"हं."

"दोनदा सांगून बघितलंय मी. एका घरी चहा यायच्या आत मंडळी उठली. दुसऱ्या घरी म्हणाले, मुलीला आजोळी ठेवता येईल का. ...म्हणून म्हटलं, तू चार रविवार तर ये. मग सांगेन. मग तू यायला लागलीस, आणि सांगणं आणखीच कठीण झालं."

"मला ठाऊक होतं."

त्याने मान वर केली.

"दुसऱ्या रविवारपासून. काच नीट पुसत जा. खालची कड राहते तुझी."

"मग विचारलं का नाहीस?"

तेव्हा सरूने त्याला उघाडी सांगितली, शिंगाळा सांगितला, चिखलात गडगडलेली अंडी सांगितली. आजीची ओवी मात्र म्हटली नाही. "त्या दिवसापासनं मी कुणाचं तोंड उघडत नाय," ती म्हणाली. मग एकदम तिचा राग उसळला. "पण माती विरघळते एवढं तरी बोलायचं होतंस! चूक माझी होती. येडी मी, शाडू आणला. तुला तर कळलं होतं! कळलं होतं ना?"

"हो."

"मग?"

"तुझ्या तोंडावर इतका आनंद होता... तू गेल्यावर काढायला हात घातला, तर भिंतीच हातात आल्या."

"म्हणजे उद्या माझ्या हातून आमटीत मीठ जास्त पडलं तरी तू गप गिळणार?"

"...उद्या?" मितेशने हळूच विचारलं.

सरूचे कान तापले. ती टाकीकडे बघायला लागली. पाणी हळूहळू निवळत होतं. बुवा पुन्हा आपल्या जागी बसला होता, पंख हलवत. सरूला वाटलं, आजीने सांगितलं ते खरं होतं, पण अर्धं होतं. शिंगाळ्याला वेळ कळते, भरती कळते. माणसाला भरती कुणीतरी सांगावी लागते. एवढं सांगायचं, आणि थांबायचं.

"परवा गुरुवारी डोलवीची मंडळी येतायत," ती म्हणाली. "मला बघायला. मुलगा चांगला हाय. बाबांना मी सांगितलंय, त्या दिवशी व्हय का नाय ते सांगते." तिने ब्रश पिशवीत ठेवला, पिशवीचा बंद बांधला. "एवढंच. ह्याच्यापुढे मी काय उघडणार नाय."

ती उठली. चपला घातल्या. दाराशी गेली. मागे पंप बुडबुडत होता. ती एक पायरी उतरली, दुसरी उतरली...

"परवा त्यांना येऊ देऊ नको."

ती वळली नाही. "आणि?"

"आम्ही येतो." तो दारापर्यंत आला होता, तिला त्याच्या ओल्या पावलांचा आवाज आला. "दोघं. किमूला घेऊन येतो. चहा यायच्या आधीच सांगेन सगळं, तुझ्या बाबांना, आईला, सगळ्यांना. उठायचं त्यांना तर उठू देत."

"आणि?"

घरातून एकच वेणी घातलेली किमू पळत आली आणि बापाच्या पायाला बिलगली. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. आणि मितेशने श्वास घेतला. या वेळी त्या श्वासात काही लपवलेलं नव्हतं.

"आणि मला तू हवी आहेस, सरू. आम्हाला हवी आहेस. हे पेणच्या स्टँडवरच सांगायचं होतं. हातात भाकरी होती, म्हणून राहिलं."